आधी वचन, मग निरूपण

नाशिकहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मिळून पावणेदोन तास जातात. त्या वेळात ज्यूंचे प्राचीन धर्मग्रंथ समजून घ्यावेत म्हणून इंग्रजी व्याख्यानं फोनवर उतरवून घेतली. १४ ऐकून झाली. ऐकताना सगळं पटतं, पण घरी बायकोने "आज काय ऐकलंत?" असं विचारलं की दोन वाक्यांपुढे सांगता येत नाही. लेवीय या तिसऱ्या, यज्ञांच्या नियमांच्या पुस्तकापाशी गाडी अडली आहे. नावं डोक्यात राहत नाहीत. तीन व्याख्याते एकाच ओळीचे तीन अर्थ सांगतात. हिब्रू येत नाही. आणि शेवटी: "ताई, नुसतं ऐकून हे शिकता येतं का, की मी वेळ फुकट घालवतोय? आणि मी ज्यू नाही, तर चालेल ना?"

शेवटचं आधी सांगते. चालेल. तनाख, म्हणजे तुम्ही ऐकताय तो ज्यूंचा धर्मग्रंथ, कुणापासून लपवून ठेवलेलं नाही.

आता मूळ प्रश्न. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी, जन्म रेवदंड्याचा, शाळा ठाण्यातली, आणि गेली सत्तावीस वर्षं इस्राएलमध्ये अश्दोदला आहे. इथे भारतातून आलेल्या वयस्कर मंडळींना मराठीतून तनाख शिकवते. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे आमचा अर्धाअधिक अभ्यास कानांनीच चालतो. तेव्हा ऐकून शिकता येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तुम्हाला अडचण स्मरणशक्तीची वाटते, पण मला ती तशी वाटत नाही. तुम्ही निरूपण ऐकताय, पण ज्याचं निरूपण चाललंय तो अभंगच तुमच्या कानावर पडलेला नाही.

कीर्तन आठवा. बुवा आधी अभंग म्हणतात, टाळकरी तो उचलतात, एक-एक चरण दोन-तीनदा फिरतो आणि मग अर्थ उलगडायला सुरुवात होते. तोवर श्रोत्याच्या तोंडी चरण आलेला असतो, म्हणून निरूपणातला एकेक मुद्दा जाऊन त्या चरणाला चिकटतो. चरणच ठाऊक नसेल तर मुद्दे हवेत राहतात. आमच्या बेने इस्राएल मंडळींना हे फार पूर्वी उमगलं होतं. १८८० च्या सुमारास मुंबईत त्यांनी तनाखातल्या अब्राहाम, योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तनं करायला सुरुवात केली. माझ्या आत्याला योसेफाच्या कीर्तनातली पदं म्हातारपणीही पाठ होती. हिब्रू तिला प्रार्थनेपुरतंच वाचता येई, पण भावांनी योसेफाला खड्ड्यात टाकल्यावर ते जेवायला बसले, हा तपशील ती कधी विसरली नाही. मोठमोठी व्याख्यानं ऐकलेल्या लोकांच्या लक्षात तो नसतो.

खुद्द ग्रंथाचं नावही याच दिशेने बोट दाखवतं. हिब्रूत त्याला 'तनाख' म्हणतात तसंच 'मिक्रा'ही म्हणतात. मिक्रा म्हणजे मोठ्याने वाचायची गोष्ट. ज्या धातूपासून तो शब्द आला त्याचा अर्थ हाक मारणं असाही होतो. नहेम्याच्या पुस्तकात आठव्या अध्यायात एक प्रसंग आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात जमलेत. एज्रा शास्त्री उजाडल्यापासून दुपारपर्यंत तोरा, म्हणजे तनाखातली पहिली पाच पुस्तकं, वाचतोय, लोक उभे राहून ऐकताहेत आणि लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या कुळातले लोक, त्यांना अर्थ समजावून सांगताहेत. आधी वाचन आणि मग अर्थ, हा क्रम अडीच हजार वर्षांपूर्वीही हाच होता. तुमच्या कानातल्या व्याख्यात्याचं काम त्या लेव्यांचं आहे. एज्राचं काम तुम्हालाच करावं लागेल.

हे मी स्वतः ठेच लागून शिकले. इथे आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मी कामावर जाता-येता कॅसेटी ऐकायचे. एका विद्वान गृहस्थांची उत्पत्ती या पहिल्या पुस्तकावरची सगळी मालिका ऐकून झाली आणि आपल्याला उत्पत्ती येते असं मी धरून चालले. मग एका अभ्यासवर्गात शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "बाविसाव्या अध्यायात अब्राहाम 'हिनेनी' किती वेळा म्हणतो आणि कुणाकुणाला?" मला सांगता आलं नाही. अब्राहाम देवाच्या आज्ञेवरून मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला निघतो त्या कथेवर मी चार तासांची व्याख्यानं ऐकलेली होती. कथेचं तत्त्वज्ञान, त्यावरचे मतभेद, सगळं सांगता आलं असतं. पण कथेत कोण काय बोललं ते येत नव्हतं.

त्या रात्री अध्याय काढला आणि मोठ्याने वाचला. १९ वचनांच्या एवढ्याशा कथेत 'हिनेनी' तीन वेळा येतं. 'हा मी इथे आहे' असा त्याचा अर्थ. पहिल्यांदा देवाला. दुसऱ्यांदा डोंगर चढताना मुलगा "बाबा" अशी हाक मारतो तेव्हा त्याला: "हिनेनी, बनी", हा मी आहे, बाळा. तिसऱ्यांदा सुरी उचलल्यावर हाक मारणाऱ्या देवदूताला. देवालाही हजर आणि ज्याच्यावर सुरी चालवायची त्या मुलालाही तितकाच हजर! सगळ्या कथेची कळ त्या मधल्या 'हिनेनी'त आहे. अनेक भाषांतरांत प्रसंगानुसार शब्द बदलतात आणि ती तिहेरी हाक-ओ हरवते. ती कानानेच कळते. पण त्यासाठी कानावर मूळ वचन पडायला हवं, त्याच्याबद्दलचं बोलणं नव्हे.

तर तुमच्या पावणेदोन तासांची वाटणी मी अशी करीन. सकाळच्या बसमध्ये व्याख्यान अजिबात लावायचं नाही. एकच अध्याय, मराठीत, दोनदा. तुम्ही गाडी चालवत नाही, हे भाग्य समजा. पुस्तक हातात धरता येतं. आदल्या रात्री तो अध्याय स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड केलात तर फारच उत्तम. आपल्याच आवाजात ऐकलेलं विलक्षण लक्षात राहतं, असा माझ्या वर्गातल्या आज्यांचा अनुभव आहे. संध्याकाळी परतताना त्याच अध्यायावरचं व्याख्यान, वेग न वाढवता. वीस-पंचवीस मिनिटं झाली की थांबवायचं आणि उरलेला रस्ता खिडकीबाहेर बघत डोक्यात घोळवायचं. घरी गेल्यावर बायकोला आधी कथा सांगायची, व्याख्यात्याचं मत नंतर. त्या विचारतात हे मोठं भाग्य आहे. आमच्याकडे जोडीने अभ्यास करण्याला 'खव्रुता' म्हणतात. दोघं समोरासमोर बसून वचन वाचतात आणि एकमेकांना अडवतात. रेकॉर्डिंगला अडवता येत नाही, शंका विचारता येत नाही, ही त्याची खरी उणीव आहे. ती भरून काढायला एक तरी जिवंत माणूस लागतो.

मजकूर कुठला घ्यायचा, हे तुमच्या सोयीवर आहे. मराठी बायबलातला 'जुना करार' म्हणजे मजकुराने तनाखच. ज्यू मोजणीने २४ पुस्तकं, प्रोटेस्टंट मोजणीने तीच ३९, कारण शमुवेल, राजे, इतिहास यांचे दोन-दोन भाग, एज्रा आणि नहेम्या, आणि १२ छोटे संदेष्टे वेगवेगळे धरतात. क्रम मात्र निराळा आहे आणि त्याने शेवटच पालटतो. ख्रिस्ती जुना करार मलाखी संदेष्ट्याच्या भविष्यवाणीवर संपतो. तनाख संपतं ते इतिहासाच्या पुस्तकात, पारसाचा राजा कोरेश बंदिवानांना "वर जावं" म्हणून मोकळीक देतो त्या शब्दावर. मराठीत पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं भाषांतरही आहे. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ साली छापून झालं. भाषा आजच्या वाचकाला थोडी अडते, पण एखाद्या वचनापाशी शंका आली की मी ते उघडून बघतेच. सोबत ज्यू परंपरेतलं इंग्रजी भाषांतर हाताशी ठेवा. 'सेफारिया' या संकेतस्थळावर हिब्रू आणि इंग्रजी शेजारी-शेजारी फुकट मिळतं, आणि 'मेखोन ममरे'वर प्रत्येक अध्यायाचं हिब्रू वाचन ऐकायलाही मिळतं.

एक बारीकशी गोष्ट, जी कुणी सांगत नाही आणि ऐकणाऱ्याला हमखास फसवते. वचनांचे क्रमांक सगळीकडे एक नसतात. स्तोत्रांचं शीर्षक हिब्रूत वचन म्हणून मोजलं जातं. त्यामुळे ज्यू व्याख्याता "स्तोत्र ५१, वचन १२" म्हणाला तर 'शुद्ध हृदय' मागणारी ती ओळ मराठीत दहाव्या वचनात सापडेल. योएलाचे हिब्रूत चार अध्याय आहेत, मराठीत तीन. ओळ सापडली नाही म्हणून घाबरू नका, एक-दोन वचनं मागे सरकून बघा.

नावांचंही तसंच. तुम्हाला जी शंभर नावं वाटताहेत ती बहुधा चाळीसच असतील, वेगवेगळ्या कपड्यांत. एक्झोडस, शेमोत आणि निर्गम एकच. आयझॅक, यित्झाक आणि इसहाक एकच. एक्लेझियास्टिस म्हणजे कोहेलेत म्हणजे आपला 'उपदेशक'. त्यात अश्कनाझी, म्हणजे युरोपातल्या ज्यूंचा, उच्चार आला की शब्बात, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, 'शाबोस' होतो आणि बेरेशीत, म्हणजे उत्पत्ती, 'बेरेशिस'. आम्ही बेने इस्राएल 'शब्बाथ' म्हणतो ते आणखी तिसरंच. वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखा: इंग्रजी, हिब्रू, मराठी. महिनाभरात पान भरेल आणि गोंधळ निम्म्याहून कमी होईल. व्याख्यानाखाली आपोआप उमटणाऱ्या इंग्रजी ओळींवरून मात्र नावं उतरवून घेऊ नका, हिब्रू शब्दांची तिथे पार वाट लागलेली असते. आणि पारंपरिक व्याख्याता सतत 'हाशेम' म्हणतो ते कुणा माणसाचं नाव नव्हे. 'हाशेम' म्हणजे 'ते नाव'. देवाचं चार अक्षरी नाव आम्ही उच्चारत नाही. प्रार्थनेत 'अदोनाय' वाचतो, बोलताना 'हाशेम' म्हणतो. मराठी बायबलात तिथे 'परमेश्वर' दिसेल आणि 'एलोहीम'साठी 'देव'. हा फरक फार उपयोगाचा आहे. उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचा: सगळीकडे 'देव'. दुसऱ्या अध्यायात चौथ्या वचनापासून 'परमेश्वर देव'. प्राध्यापक मंडळी ज्या दोन निर्मितिकथांबद्दल तासभर बोलतात त्याची पहिली खूण तुमच्या मराठी पानावर उघड दिसते.

यावरूनच तीन व्याख्यात्यांकडे येते. तनाखवर बोलणारे साधारण तीन घरांतून येतात आणि आपण कुणाच्या ओसरीवर बसलोय हे ओळखल्याशिवाय ऐकू नये. विद्यापीठातला प्राध्यापक विचारतो: हा मजकूर कुणी, कधी, कुठल्या परिस्थितीत लिहिला? पारंपरिक 'शिऊर', म्हणजे धर्मपाठ, देणारा रब्बी विचारतो: तोरा देवाने दिलेली आहे असं मानलं, तर हा शब्द इथेच का? आणि ख्रिस्ती प्रवचनकार त्याच ओळी नव्या कराराच्या उजेडात वाचतो. यशया सातव्या अध्यायाचं चौदावं वचन घ्या. हिब्रूत शब्द 'अल्मा', म्हणजे लग्नाच्या वयाची तरुण स्त्री. प्राचीन ग्रीक भाषांतरात तिथे कुमारिका या अर्थाचा शब्द आला, नव्या करारात मत्तयाने तोच घेतला आणि मराठी बायबलातही 'कुमारी' आहे. ख्रिस्ती प्रवचनकार त्यातून येशूचा जन्म वाचतो. रब्बी म्हणेल, यहूदाच्या आहाज राजाला त्याच्याच हयातीत दिसेल अशी खूण दिली आहे. प्राध्यापक अराम आणि इस्राएल यांनी यहूदावर केलेल्या स्वारीची हकिकत सांगेल. हे तिघं एकमेकांना खोडत नाहीत, तिघांचे प्रश्नच वेगळे आहेत. "खरं कोण?" याचं उत्तर तुम्ही काय शोधताय त्यावर अवलंबून आहे आणि ते मी इथे बसून ठरवू शकत नाही. एवढंच सांगते: पहिलं वर्षभर एकाच घरी बसा. दुसऱ्याचं ऐकायचंच असेल तर तोच अध्याय घेऊन ऐका.

इतिहासाची आवड असेल तर येल विद्यापीठातलं क्रिस्टीन हेझ यांचं सत्र घ्या. २००६ साली वर्गात रेकॉर्ड झालेली २४ व्याख्यानं, फुकट आणि लिखित प्रतीसह. त्या प्रश्न फार स्वच्छ मांडतात. परंपरा आतून समजून घ्यायची असेल तर आठवड्याच्या 'पराशा'वरचे शिऊर ऐका. तोराचे ५४ भाग पाडलेले आहेत आणि जगभरच्या सिनेगॉगांत ते वर्षभरात वाचून होतात. कुठल्याही आठवड्यात सामील होता येतं, ही त्याची सोय. तिथे राशीचं नाव सारखं कानावर येईल. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या ट्रॉयमध्ये राहणारा हा भाष्यकार आजही पहिला विचारला जातो. "राशीला इथे काय खटकलं?" हा प्रश्न ऐकू आला की कान टवकारा.

कुणीतरी तुम्हाला तालमूदचं 'दाफ योमी' सुचवेल, रोज एक पान. १९२३ साली रब्बी मेयर शपिरो यांनी सुरू करून दिलेला हा सुंदर उपक्रम आहे. २,७११ पानं, साडेसात वर्षं. सध्याचं आवर्तन ५ जानेवारी २०२० ला सुरू झालं. रोजच्या पानावरची व्याख्यानं ढिगाने मिळतात. पण आत्ता नको. तालमूद तनाख पाठ असलेल्या लोकांनी केलेला वाद आहे, तोही बराचसा अरामीत. अर्धं वचन उच्चारलं की उरलेलं तुम्हाला येतं असं ते गृहीत धरतं. तनाखचा पाया झाल्यावर जरूर जा.

लेवीयपाशी अडलात त्याचं वाईट वाटून घेऊ नका. जुन्या काळी लहान मुलांचं शिक्षण त्याच पुस्तकापासून सुरू करत, 'शुद्धांनी शुद्ध गोष्टींपासून सुरुवात करावी' म्हणून. पण तिथे गुरू शेजारी बसलेला असे. एकट्याने, बसमध्ये, पहिल्याच वर्षी यज्ञांचे नियम ऐकू नयेत. सलग पहिल्या पानापासून जायचा हट्ट सोडा. छोटी पुस्तकं घ्या: रूथ, योना. मग दाविदाची कथा, शमुवेलात. मग उत्पत्ती बाराव्या अध्यायापासून पुढे आणि निर्गमचे पहिले वीस अध्याय. त्यानंतर लेवीयचा एकोणिसावा अध्याय एकटाच उघडा. 'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे तिथलं आहे, आणि त्याच अध्यायात शेताचे कोपरे गरिबांसाठी न कापता सोडण्याचा नियमही आहे. रूथ वाचून आला असाल तर तो नियम तुम्हाला चेहऱ्यासकट दिसेल, कारण रूथ तसलेच सरवे वेचायला शेतात जाते.

हिब्रू व्याकरणाची आत्ता गरज नाही. बावीस अक्षरं पंधरा दिवसांत ओळखता येतात, हौस असेल तर शिका. पण वीस-पंचवीस शब्द कानाने जरूर ओळखू लागा: हिनेनी, हेसेद म्हणजे निष्ठेतून येणारी माया, ब्रीत म्हणजे करार, दावार म्हणजे शब्द आणि गोष्टही. अधूनमधून मूळ वाचनही लावा, एक अक्षर कळलं नाही तरी. अश्कनाझी पद्धतीचं तोरावाचन मिळालं तर उत्पत्तीच्या एकोणचाळिसाव्या अध्यायातलं आठवं वचन ऐका. योसेफाचा मिसरी धनी पोटीफर, त्याची बायको योसेफाला आपल्याजवळ बोलावते आणि पुढचा शब्द येतो 'वयमाएन', त्याने नाकारलं. त्या एका शब्दावर वाचणाऱ्याचा आवाज वर जातो, खाली येतो, पुन्हा वर, पुन्हा खाली, लांबत राहतो. या स्वरखुणेला शलशेलेत म्हणतात आणि सगळ्या तोरात ती चारच ठिकाणी आहे. नकार एका शब्दाचा, पण तो देताना त्या तरुणाचं मन किती हेलकावलं ते स्वरात ठेवलंय. सेफेर तोरावर, म्हणजे सिनेगॉगात वाचतात त्या हस्तलिखित गुंडाळीवर, ही खूण लिहिलेली नसते. वाचणाऱ्याने ती पाठच करावी लागते.

आमच्याकडे शब्बाथच्या दिवशी रेकॉर्डिंग लावत नाहीत. आठवडाभर ऐकलेलं शनिवारी फोनशिवाय आठवावं लागतं. आम्ही सात-आठ जणी जमतो, एकीच्या हातात पुस्तक, बाकीच्या आठवून सांगतात. तुम्हाला शब्बाथ पाळायचा नाही, पण आठवड्यातला एक दिवस इअरफोन घरी ठेवून बघा. काय उरलंय ते त्याच दिवशी कळतं.

सुरुवात रूथपासून करा. चार अध्याय, ८५ वचनं; आमच्याकडे शावुओतच्या सणाला हे पुस्तक वाचतात. आज रात्री पहिला अध्याय स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा, चार-पाच मिनिटांचं काम आहे. नामी मवाबातून बेथलेहेमला निघालीय, दोन विधवा सुना मागे लागल्यात, ती त्यांना परत पाठवतेय. हिब्रूत त्या एका अध्यायात परतणं, मागे फिरणं या अर्थाचं 'शूव' हे एकच क्रियापद १२ वेळा येतं: माहेरी परत जा, आम्ही तुमच्याबरोबर परतू, मला मागे फिरायला सांगू नका, देवाने मला रिकामी परत आणलं. रूथ तर बेथलेहेमला पूर्वी कधीच आलेली नव्हती, तरी शेवटी तीही 'परतली' असंच म्हटलंय. तुमच्या मराठी पानावर ते किती वेळा ऐकू येतं ते मोजा, कुठे 'परत' आहे, कुठे 'माघारी', कुठे दुसरंच काही, आणि आकडा मला कळवा. व्याख्यान त्यानंतर लावू.